विनीताबाईंच्या फाइलींना नावे मिळाली

खिदिरपूरच्या गोदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर असलेल्या दत्त-चौधुरी शिपिंग एजन्सीत विनीताबाई ताम्हनकर बावीस वर्षे आयातीचे टेबल सांभाळत होत्या. परदेशातून येणाऱ्या मालाची कागदपत्रे जमवायची, तपासायची, जकात खात्यापुढे मांडायची आणि माल गोदीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याचा पाठपुरावा करायचा, असे ते काम होते. त्या नोकरीला लागल्या तेव्हा हे सारे एका लांबलचक सागवानी टेबलावर चाले. जहाज अजून वाटेत असेल तर त्याची फाइल टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला ठेवायची. जहाज धक्क्याला लागले की ती हातभर पुढे सरकवायची. जकातीची मंजुरी मिळाली की आणखी पुढे. माल सुटला की फाइल दाराजवळ पोचलेली असे, आणि तिथून कपाटात जाई. कोणती फाइल कुठवर आली आहे, हे विचारण्याची गरज पडत नसे. नुसते पाहिले की कळत असे.

पुढे टेबलावर संगणक आला, तेव्हा विनीताबाईंनी ते टेबल जसेच्या तसे स्क्रीनवर नेले. वरचा डावा कोपरा म्हणजे अजून समुद्रात असलेली जहाजे. तिथून फाइली उजवीकडे आणि खाली सरकत जात, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात पोचल्या की काम संपले. शेजारच्या टेबलावर निर्यातीचे काम करणारे शंतनु दास त्या डाव्या कोपऱ्याला 'गंगासागर' म्हणत, कारण हुगळी नदी समुद्राला मिळते त्या ठिकाणाचे नाव ते. नव्याने पाहणाऱ्याला त्या स्क्रीनवर फाइलींचा केवळ सडा पडलेला दिसे. विनीताबाई मात्र त्यातून नेमकी फाइल, दुसऱ्याशी बोलता बोलता, न पाहता उघडत.

या व्यवस्थेत एक उणीव होती. पण इतकी वर्षे ती कुणाला टोचली नाही, म्हणून ती उणीव ठरली नाही. फाइलींना धड नावे नव्हती. जागा हेच नाव असल्यामुळे दुसरे नाव देण्याचे कारण बाईंना वाटले नव्हते. जे काही लिहायचे ते त्या रोमन अक्षरांत, पण मराठीत लिहीत: 'उद्या बघ', 'थांबलंय', 'पुन्हा पाठव', 'पुन्हा पाठव दोन', 'हेच खरं'. घराबाहेर दिवसभर बंगाली, हिंदी आणि इंग्रजी बोलणाऱ्या त्या बाईला स्वतःशी बोलण्यापुरती ही एवढीच जागा उरली होती, आणि ती त्यांना प्रिय होती.

दुर्गापूजेच्या सुटीत कचेरीतले सर्व संगणक बदलले. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपत आली होती, म्हणून मालक प्रकाशबाबू चौधुरी यांनी नवी यंत्रे आणि नवी सिस्टीम घ्यायचे ठरवले. सुटीपूर्वी त्यांनी प्रत्येकाला लेखी विचारले होते, की तुमचे सर्व काम जतन केले आहे ना. विनीताबाईंनी होय म्हणून सही केली होती, आणि ती सही खोटी नव्हती. सुटी संपल्यावर त्यांनी यंत्र सुरू केले, तेव्हा एकही फाइल हरवलेली नव्हती. तीनशे अकराच्या तीनशे अकरा फाइली हजर होत्या. फक्त त्या आता वर्णानुक्रमाने, सरळ रांगांत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या उभ्या होत्या. जागा बदलल्या होत्या, म्हणजे बाईंच्या हिशेबी सगळ्यांची नावेच पुसली गेली होती.

त्याच आठवड्यात हावड्याच्या एका छोट्या कारखान्याचा बेअरिंगचा कंटेनर धक्क्यावर होता. त्याचा एक दाखला जकात खात्याला दुपारी दोनच्या आत हवा होता. 'पुन्हा पाठव' या नावाने सुरू होणाऱ्या एकोणीस फाइली निघाल्या. विनीताबाईंनी त्या एकामागून एक उघडल्या. दाखला सापडला तेव्हा साडेतीन वाजले होते. कंटेनर एक दिवस उशिरा सुटला, आणि हावड्याला दहा कामगार दिवसभर बंद यंत्रांपाशी बसून राहिले. बावीस वर्षांत असे प्रथमच घडले.

"विनीतादी, तुमचा गंगासागर बुडाला वाटतं," शंतनुबाबू म्हणाले.

"बुडाला नाही. कुणीतरी त्याची फुटपट्टी घेऊन आखणी केलीय," बाई म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. पण ते दहा कामगार त्यांच्या मनातून गेले नाहीत.

प्रकाशबाबू आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी बाईंना खोलीत बोलावले आणि सरळ शब्दांत परिस्थिती मांडली. येत्या मार्चमध्ये बाईंना निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होणार होती. त्यांना आणखी दोन वर्षे ठेवायचे, असे प्रकाशबाबूंच्या मनात होते. आता मात्र त्यांना खात्री हवी होती. नोव्हेंबरअखेर ते निर्णय घेणार होते. आयातीचे टेबल एक तर बाईंकडे राहील, नाही तर शंतनुबाबूंकडे जाईल, आणि तसे झाले तर बाईंनी मार्चपर्यंत आवक-जावक पत्रांच्या टेबलावर बसावे.

विनीताबाईंनी यावर कसली विनवणी केली नाही. महिना पुरेसा आहे, एवढेच त्या म्हणाल्या.

असे म्हणण्याइतका विश्वास त्यांच्याकडे होता, आणि तो पोकळ नव्हता. लग्न होऊन त्या साताऱ्याहून कोलकात्याला आल्या, तेव्हा त्यांना बंगालीचा एक शब्द येत नव्हता. बालीगंजच्या बाजारात मासे घेणाऱ्यांच्या गर्दीत भाजीवाल्याशी घासाघीस करत त्यांनी ती भाषा चार महिन्यांत उचलली होती. नवीन गोष्ट कळत नाही म्हणजे ती अजून क्रमाने वाचलेली नाही, असे त्यांचे साधे मत होते.

नवी सिस्टीम सुरू झाली की 'सुरुवात करा' अशा मथळ्याची एक चौकट आपोआप उघडत असे. कचेरीतला प्रत्येक जण ती दिसताक्षणी बंद करी. विनीताबाईंनीही तीन दिवस तेच केले होते. चौथ्या दिवशी त्या बालीगंजहून नेहमीच्या आधीची, बजबजकडे जाणारी लोकल पकडून साडेआठलाच कचेरीत पोचल्या, चौकट उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. एका दिवसाला एक सोय, असा नेम त्यांनी केला. वाचलेले करून पाहायचे आणि मग वहीत लिहायचे.

पहिल्या दिवशी त्या स्क्रीनवरच्या खिडक्या शेजारी-शेजारी बसवायला शिकल्या. बीजक, म्हणजे मालाचे बिल, डावीकडे, अर्ज उजवीकडे, आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी कळले, की पूर्वी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी सिस्टीम जपून ठेवते. अकरा अक्षरांचे कंटेनर क्रमांक मुखोद्गत असण्याचा बाईंना अभिमान होता. तो अभिमान आता अनावश्यक झाला, आणि हे पाहून त्यांना वाईट वाटण्याऐवजी हलके वाटले.

तिसऱ्या दिवसाच्या सोयीने त्यांना आनंदाचा धक्काच दिला. एका स्क्रीनवर अनेक डेस्कटॉप मांडता येतात, म्हणजे एकाऐवजी चार टेबले, आणि हवे तेव्हा एकावरून उठून दुसऱ्यावर बसता येते. बाईंनी तिथल्या तिथे चार डेस्कटॉप केले: येणारी जहाजे, धक्क्यावरची जहाजे, जकातीत असलेला माल आणि सुटलेला माल. जुने लांब टेबल परत मिळाले, आणि तेही चौपट. मात्र चारही डेस्कटॉपवर त्याच तीनशे अकरा फाइली दिसत होत्या. सिस्टीमने प्रत्येक टेबलासाठी एकेक प्रत काढून दिली असावी, असे त्यांनी मानले. कागदाच्या जगात चार टेबलांवर तीच फाइल दिसली, तर तिच्या चार प्रती असतात. दुसरे काही असू शकत नाही. म्हणून दुसऱ्या डेस्कटॉपवर त्यांनी धक्क्यावरच्या चाळीस फाइली राखल्या आणि नको असलेल्या दोनशे एकाहत्तर नीटपणे काढून टाकल्या.

मग त्या पहिल्या डेस्कटॉपवर परतल्या. तिथेही चाळीसच फाइली होत्या. तिसऱ्यावर चाळीस. चौथ्यावर चाळीस.

कचेरीत अजून कुणी आलेले नव्हते. विनीताबाईंनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. घाबरलेल्या माणसाने आणखी एक कळ दाबू नये, एवढे त्यांना ठाऊक होते. काढून टाकलेली वस्तू कुठे तरी गेलेली असणारच, असा विचार करून त्यांनी कचऱ्याची टोपली उघडली. दोनशे एकाहत्तर फाइली तिथे मुकाट्याने पडून होत्या. त्यांनी सगळ्या परत आणल्या आणि चौकटीतल्या त्या चार ओळी पुन्हा वाचल्या, या वेळी मनात सागवानी टेबल न आणता. ही टेबले फाइली ठेवण्यासाठी नव्हतीच. उघडलेले काम वेगवेगळे मांडून ठेवण्यासाठी ती होती. फाइली एकाच जागी राहणार, आणि त्या सापडणार त्या नावाने.

वहीत त्यांनी त्या दिवशी लिहिले: 'जागा हे नाव नव्हे.'

रविवारी ती वही घरी जेवणाच्या टेबलावर होती. त्यांचे पती अजेय बँकेतून निवृत्त झालेले होते, आणि दुसऱ्याचे लिखाण हाती आले की तपासल्याशिवाय खाली ठेवत नसत. त्यांनी पाने उलटली, अक्षराची स्तुती केली, आणि ही वही कशासाठी, असे विचारले.

"ऑफिससाठी. सगळ्या सोयी पायरीपायरीने लिहिल्यात. मी नसले तर कुणालाही बघून काम करता येईल."

"कुणालाही म्हणजे कुणाला?" अजेय म्हणाले. "विनी, तुझ्या ऑफिसात मराठी वाचणारं एकच माणूस आहे. आणि हे लिहिणारंही तेच आहे."

बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी वही स्वतःकडे ओढली. इतके दिवस 'दुसऱ्यांसाठी' म्हणून जे लिहीत होत्या, ते सगळे मराठीत होते आणि ते त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. त्यांना सहा वर्षांपूर्वीचा एक महिना आठवला. आई आजारी होती म्हणून त्या साताऱ्याला होत्या, आणि तिथून रोज फोनवर शंतनुबाबूंना सांगत: वरून तिसरी रांग, डावीकडून पाचवी, 'थांबलंय' लिहिलेली. शंतनुबाबू आंधळ्यासारखे चाचपडत आणि शेवटी म्हणत, की दीदी, तुमच्यावाचून इथे पान हलत नाही. त्या वाक्याने त्यांना आईच्या उशाशी बसूनही सुख झाले होते. आज त्याच वाक्याकडे त्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिले. पान हलत नव्हते, कारण त्यांनी ते हलण्यासारखे ठेवलेच नव्हते. आपल्या कौशल्याचा त्यांना गर्व होता. पण जे आपल्यापाशीच राहते आणि दुसऱ्याला अडवून धरते, त्यातले कौशल्य किती आणि कुलूप किती, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो विचारला नाही, याची किंमत हावड्याच्या दहा माणसांनी एक दिवस बसून चुकवली होती. त्यांच्यातल्या कुणालाही विनीताबाई ठाऊक नव्हत्या.

"पुन्हा लिहावी लागेल," त्या म्हणाल्या.

"इंग्रजीत?"

"साध्या इंग्रजीत. शंतनुबाबू मध्ये कुणाला न विचारता वाचतील, अशा."

पुढचे दोन आठवडे त्यांनी तीनशे अकरा फाइलींना नावे दिली. आधी जहाजाचे नाव, मग कंटेनरचे शेवटचे चार आकडे, मग कागद कोणता, आणि शेवटी तारीख. 'हेच खरं' या नावाने सुरू होणाऱ्या सात फाइली होत्या, आणि त्यांतली खरी एकच होती. नावे बदलताना आपणच आपल्या घरातल्या माणसांची परक्यांना ओळख करून देत आहोत, असे त्यांना वाटे. शंतनुबाबू अधूनमधून खुर्ची मागे सरकवून पाहत आणि म्हणत, की जनगणना कुठवर आली. बाई त्यांना आकडा सांगत.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विनीताबाई आपणहून प्रकाशबाबूंच्या खोलीत गेल्या. येत्या बुधवारी एक जहाज लागणार होते, आणि त्यावर त्याच हावड्याच्या कारखान्याचा माल होता. त्या दिवशी आपण रजेवर राहतो, असे त्यांनी सांगितले. आपल्या यंत्रावर शंतनुबाबूंनी काम करावे. सोबत इंग्रजीतली वही असेल.

"जहाजाच्या दिवशी रजा, मिसेस ताम्हनकर?"

"जहाजाच्या दिवशीच. एरवी घेतली तर त्यातून काही कळणार नाही."

प्रकाशबाबूंनी रजेच्या अर्जावर सही केली. शंतनुबाबूंना हे कळले, तेव्हा त्यांना विनोद सुचला नाही. बाईंचे टेबल आपल्याला मिळण्याची शक्यता आहे, हे त्यांना ठाऊक होते. पण असे, म्हणजे बाईंनीच हाताला धरून बसवल्यावर, ते काम बिघडवणे त्यांना शक्य नव्हते, आणि बिघडले तर ते आपल्यामुळे की बाईंमुळे, हे कुणी सांगू शकले नसते. तसे त्यांनी बोलून दाखवले. बाई म्हणाल्या, की वही वाचा आणि जे लिहिले नाही ते करू नका.

बुधवारी विनीताबाईंनी सकाळची कामे नेहमीसारखी उरकली. फोन त्यांनी ओट्यावर, डाव्या हाताला ठेवला होता. अजेयनी तो एकदा उचलून चालू आहे ना ते पाहिले, तेव्हा बाईंनी रागाने बघितले. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

शंतनुबाबू होते. कारखान्याने काल दुरुस्त केलेले बीजक पाठवले होते. आता एकाच मालाची दोन बीजके समोर होती, रक्कम वेगवेगळी होती, आणि जकात खात्यापुढे कोणते मांडायचे ते कळत नव्हते.

विनीताबाईंना उत्तर पाठ होते. दुसरे खरे होते. ते आले त्याच संध्याकाळी त्यांनी पाहिले होते, तपासले होते आणि त्याला नाव दिले होते. 'दुसरं घ्या' एवढे दोन शब्द त्यांच्या ओठांवर आले. ते बोलून टाकणे अगदी सोपे होते, आणि बावीस वर्षे त्यांनी तेच केले होते.

"दोन्ही नावांच्या शेवटी काय लिहिलंय?" त्यांनी विचारले.

पलीकडे वहीची पाने उलटल्याचा आवाज आला. मग शंतनुबाबू म्हणाले, की एकाच्या शेवटी तारीख आहे, आणि दुसऱ्याच्या शेवटी नंतरची तारीख आणि 'दुरुस्त' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. आणि वहीच्या सहाव्या पानावर लिहिले आहे, की दुरुस्त असेल तेच मांडायचे.

"दीदी, फोन करायची गरज नव्हती. हात सवयीने गेला."

"असू दे. आता ठेवा."

त्यानंतर फोन वाजला नाही. दुपार गेली. न वाजणाऱ्या फोनचा अर्थ दोन्ही प्रकारे लावता येतो, हे अजेयना कळत होते, म्हणून ते वर्तमानपत्र वाचत बसले. बाईंनी मात्र एकच अर्थ धरला होता. त्यांनी ती व्यवस्था स्वतःच्या हाताने, एकेक नाव लिहून बांधली होती, आणि ती टिकेल असे त्यांना मनापासून वाटत होते. चारला प्रकाशबाबूंचा एका ओळीचा निरोप आला: कंटेनर तीन वाजून वीस मिनिटांनी फाटकाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशबाबूंनी त्यांना बोलावले. टेबलावर मुदतवाढीचे पत्र टाइप करून ठेवलेले होते, पण त्यावर सही नव्हती. त्यांनी पेन हातात घेतले आणि ते तसेच धरून बोलले. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

"काल तुम्ही नव्हता, आणि काम वेळेच्या आधी झालं. मग मी तुम्हाला दोन वर्षं आणखी कशासाठी ठेवू?"

विनीताबाईंनी हा प्रश्न अपेक्षिला होता. स्वतःला तो त्यांनी त्या रविवारीच विचारला होता.

"आजवर मी गेले तर काम अडेल, म्हणून तुम्ही मला ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "ती भीती होती, बाबू. ती आता संपली. यापुढे मी चांगलं काम करते म्हणून ठेवा. ते कारण पुरेसं वाटत नसेल, तर सही करू नका."

प्रकाशबाबूंनी पत्र पुन्हा एकदा वाचले, शेवटी हाताने एक ओळ वाढवली आणि सही केली. त्या ओळीप्रमाणे कचेरीतल्या सर्व टेबलांच्या फाइली याच पद्धतीने लावून घेण्याची जबाबदारी बाईंवर होती, आणि त्यासाठी रोजचा एक तास मोकळा ठेवायचा होता.

त्या बाहेर आल्या, तेव्हा शंतनुबाबूंनी आपली खुर्ची बाजूला सरकवून त्यांच्यासाठी दुसरी ओढून ठेवली होती. त्यांचा स्क्रीन उघडा होता. निर्यातीच्या फाइली त्यावर पंधरा वर्षे साठत आल्या होत्या, आणि त्यांची नावे बंगालीत होती. बंगाली बाईंना बोलता येई, वाचता येत नसे. विनीताबाईंनी चष्मा पुसला, बसल्या आणि पहिली फाइल निवडायला सांगितली. शंतनुबाबूंनी ती निवडली, जुने नाव पुसले आणि कळफलकावर बोटे तशीच ठेवून विचारले, की नाव इंग्रजीत द्यायचे की हिंदीत.

"ज्यात तुम्ही नसताना मला वाचता येईल, त्यात द्या," विनीताबाई म्हणाल्या.

शंतनुबाबूंनी थोडा विचार केला आणि जहाजाचे नाव इंग्रजीत टाइप करायला सुरुवात केली.